दिसण्यापुरता उजेड

जरा थांबा.

हातातलं काम बाजूला ठेवा. पाय जमिनीला टेकू द्या. खांदे सैल सोडा.

श्वास आत घ्या. सावकाश बाहेर जाऊ द्या.

कुठे पोचायचं नाही. एका दिवसाबरोबर चालायचं, एवढंच.

दिवस ११ नोव्हेंबरचा. गाव बॉन. जर्मनीतलं, ऱ्हाईन नदीच्या काठचं.

तुम्ही तिथं राहता, असं धरून चला. खरंच राहत असाल, तर खिडकी उघडा.

हवा गार आहे. नाकातून आत शिरताना ती जाणवते. बाहेर येताना तिची वाफ होते, आणि क्षणभर डोळ्यांपुढे तरंगते.

पाहा तिच्याकडे. विरून जाईपर्यंत पाहा.

खांद्याला कापडी पिशवी आहे. खिशात यादी आहे. बटाटे, कांदे, दूध, पाव, भांड्यांचा साबण.

संध्याकाळी गल्लीतून मुलांची मिरवणूक निघणार आहे. झांक्ट मार्टिनची, म्हणजे संत मार्टिनची. यादीत तिचा उल्लेख नाही.

असू दे. आधी बाजार.

*

चौकात या. रविवार सोडला, तर इथे रोज भाजीचे ठेले लागतात. मागे जुन्या नगरभवनाची गुलाबी भिंत आहे. पायांखाली दगडी फरशी, दवानं ओली.

चालणं थोडं कमी करा. अजून कमी.

लाल कोबी रचलेला आहे. लाल म्हणतात, पण रंग जांभळाच. मातीचा वास लागलेले अक्रोड आहेत. जाड सालीची, खरबरीत सफरचंदं आहेत. छोटी संत्री आहेत, काहींना अजून पान चिकटलेलं.

संत्र्याचं एक पान बोटांत धरा. ते गार आहे. कडेला किंचित वळलंय.

घेऊन टाका थोडी. यादीत नसली तरी.

आता बटाटे.

ठेल्यावरची बाई विचारते, करायचंय काय? इथे बटाटा रंगावरून नाही, शिजल्यावर कसा वागतो त्यावरून निवडतात. एक शिजला तरी फोडींचे काठ धरून ठेवतो. दुसरा पिठूळ होतो, चमच्यानं दाबला की विरघळतो.

तुम्हाला सुकी भाजी करायची आहे. मोहरी, हळद, हिरवी मिरची. हे सगळं सांगण्याइतकी भाषा जिभेवर नाही. तुम्ही पहिल्या टोपलीकडे बोट दाखवता.

ती मान हलवते. तराजूत टाकते.

एक बटाटा हातात घ्या. तळव्यात त्याचं वजन जाणवू द्या. तो गार आहे. सालीवर ओली माती आहे. अंगठ्यानं थोडी माती पुसा. आतला पिवळसर रंग दिसतो.

इथेच थोडं थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

सकाळपासून तुम्ही कुणाशी किती बोललात, ते मनात आठवा. मोजू नका. नुसतं आठवा.

*

आता सुपरमार्केट.

साखळीनं बांधलेली ढकलगाडी. फटीत एक युरोचं नाणं सरकवा. खट्. गाडी मोकळी होते.

रिकाम्या बाटल्यांचं यंत्र भिंतीत आहे. गोल तोंडात बाटली ठेवा. ती फिरते, ओळखली जाते, आत ओढली जाते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. शेवटी हिरवं बटण, आणि हातात एक चिठ्ठी.

यंत्राचा आवाज ऐका. काच काचेला लागते, आत कुठेतरी अंधारात.

दूध घ्या. साबण घ्या. छोट्या चॉकलेटांची एक पिशवी दिसते. संध्याकाळी मुलं दारावर येतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. तीही घ्या.

मग रांग.

सरकत्या पट्ट्यावर तुमचं सामान. पुढे दुसऱ्याचं. मधे एक लांबट दांडी आडवी ठेवायची, म्हणजे एकाचं लोणी दुसऱ्याच्या हिशेबात जात नाही. पुढचा माणूस न बघताच ती तुमच्यासाठी ठेवतो. तुम्हीही मागच्यासाठी ठेवता.

गल्ल्यावरचे हात भराभर चालतात. पिप्. पिप्. पिप्. पिशवीत भरायला तुमचे हात पुरत नाहीत. रक्कम सांगितली जाते. कार्ड टेकवलं जातं. दिवस छान जावो, असं ठरल्याप्रमाणे म्हटलं जातं. तुम्हीही म्हणता.

कुणी वाईट वागलेलं नाही. सगळं नीट झालं आहे.

आणि कुणी पाहिलेलं नाही. तुम्हीसुद्धा.

याला दुःख म्हणायची घाई करू नका. तक्रार करू नका. छातीत आत्ता जे काही आहे, त्याच्याजवळ नुसतं बसा.

जड असेल, तर जड. काहीच नसेल, तर काहीच नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

वाटेत बेकरी आहे. दार उघडलं की उबेचा एक लोट अंगावर येतो. डोळे मिटा. यीस्ट, लोणी, भाजलेलं पीठ.

फळीवर पिठाची माणसं ओळीनं निजली आहेत. हा वेकमान. या दिवसांतलाच पाव, किंचित गोड. मनुकांचे डोळे. छातीवर पांढऱ्या मातीची छोटी चिलीम, पिठात रोवून भाजलेली.

एक घ्या. कागदाच्या पिशवीतून त्याची ऊब तळव्याला लागते.

ती ऊब घेऊन घरी चला.

*

पाचच्या आतच सूर्य मावळतो.

घरातला दिवा लगेच लावू नका. भाजी जागेवर ठेवा. दूध फ्रिजमध्ये. संत्री वाडग्यात.

आता खिडकीशी बसा.

अंधार एकदम येत नाही. आधी खोलीच्या कोपऱ्यांतून उठतो. मग खुर्चीखालून. मग भिंतीवरच्या चित्रातले रंग जातात, आकार तेवढे उरतात.

संत्र्यांचा रंग सर्वांत उशिरा जातो. पाहत राहा.

हा दिवस इथल्या शेतकऱ्यांचा वर्षाखेरीचा होता. सुगी सरलेली असायची. जमिनीचा खंड भरायचा, गड्यांचा हिशेब चुकता करायचा, गडी नवं घर धरायचे. पुढे नाताळापर्यंत उपासाचे दिवस, म्हणून त्याआधी हंस कापला जायचा. आजही हॉटेलांच्या दारांवरच्या फळ्यांवर खडूनं हंसाचा बेत लिहिलेला दिसतो.

हिशेब संपला की माणूस क्षणभर रिकामा होतो. तुमचीही यादी संपली आहे.

या रिकामेपणात थोडं बसा.

ऐका. जिन्यात पावलं वाजत आहेत. लहान पावलं, वर जाणारी, खाली येणारी. कुणीतरी कुणालातरी टोपी घाल म्हणून सांगतंय. शब्द कळत नाहीत. सूर कळतो. तो सूर तुमच्या लहानपणी घरातही होता.

*

दार उघडा.

शेजारची मुलगी पायरीवर उभी आहे. हातात काठी. काठीच्या टोकाला कंदील.

तिनं तो बालवाडीत बनवला आहे. या कंदिलांचं काम तिथे कित्येक दिवस चालतं. तळाला चीजची गोल, पातळ लाकडी डबी. भोवती काळा पुठ्ठा, त्यात खिडक्या कापलेल्या, खिडक्यांवर रंगीत झिरझिरीत कागद. पिवळा, तांबडा, निळा. एका जागी डिंक ओघळून सुकला आहे.

कंदिलावर साळिंदरासारखा काटेरी प्राणी आहे. कदाचित तो सूर्यही असेल. विचारू नका. पाहा.

पूर्वी मुलं बीट आणि सलगम आतून कोरून त्यांचे दिवे करायची. आता कागद. पूर्वी आत मेणबत्ती. आता बहुतेक वेळा काठीत बॅटरी असते आणि तारेच्या टोकाला मुगाएवढा बल्ब.

ती बटण दाबते.

पाहा.

उजेड किती थोडा आहे. या उजेडात पुस्तक वाचता येणार नाही. पायरीसुद्धा धड दिसत नाही. भिंतीवर जेमतेम एक पिवळा डाग हलतो.

त्या डागाकडे पाहत श्वास घ्या. तो डाग जरा डावीकडे. श्वास सोडा. जरा उजवीकडे.

तुमच्या गॅलरीत कदाचित अजून आकाशकंदील आहे. दिवाळी कधी आधी येऊन जाते, कधी याच आठवड्यात असते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, मार्टिनच्या दुसऱ्या दिवशी.

आकाशकंदील दारात उंच टांगतात. तो जागा सोडत नाही. हे घर इथे आहे, असं सांगत राहतो.

हा कंदील हातात धरतात. तो चालतो.

कोट घाला. तिच्या मागून खाली उतरा.

*

गल्ली भरली आहे.

आधी फक्त अंधार आणि कुजबुज. मग एकेक कंदील. चंद्र. घुबड. कोल्हा. बोट. नुसताच चौकोन.

पुढून घोड्याच्या टापा येतात. दगडावर लोखंड. सावकाश. टप्. टप्.

घोड्यावर रोमन शिरस्त्राण घातलेला स्वार आहे. पाठीवर लाल वस्त्र, घोड्याच्या पाठीपर्यंत उतरलेलं. त्याच्यामागे पितळी वाद्यं. वाजवणाऱ्यांची बोटं गारठली आहेत, सूर थोडे इकडेतिकडे सरकतात. मुलं गातात. आयाबाप गातात. गाणी सर्वांना पाठ आहेत.

तुम्हाला येत नाहीत. ओठ हलवले नाहीत तरी चालेल. चालत राहा.

पायांकडे लक्ष द्या. टाच टेकते. चवडा टेकतो. पाय उचलला जातो.

पुन्हा. टाच. चवडा.

अशी संघटित मिरवणूक १९व्या शतकाच्या अखेरीस या ऱ्हाईनकाठी रुजली. ज्याची ही मिरवणूक, तो माणूस मात्र फार जुना. इ. स. ३९७ मध्ये वारला, ११ नोव्हेंबरला त्याला आजच्या फ्रान्समधल्या तूर गावी पुरलं. म्हणजे हा त्याच्या दफनाचा दिवस. आणि मुलं गात आहेत.

आता नजर घोड्यावरून काढा. कंदिलांकडे आणा.

रस्त्याला दिवे आहेत. काही घरांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आहेत. वाट दाखवायला या कंदिलांची गरज नाही.

मग ते काय दाखवतात?

पटकन उत्तर देऊ नका. पाहा.

शेजारच्या मुलीचा कंदील तिच्या हनुवटीच्या पातळीला आहे. तिची हनुवटी पिवळी झाली आहे. गालावर थोडा तांबडा पडला आहे. नाकाचं टोक गारठ्यानं ओलं, ते चमकतंय. टोपीखालून सुटलेली एक बट.

तिच्या पलीकडच्या मुलाचा चेहरा निळा. त्याच्या पलीकडे हिरवा, दोन दात पडलेला.

ज्याच्या हातात कंदील, त्याचा चेहरा दिसतो. एवढंच. रस्ता नाही. माणूस.

याच्याजवळ थांबा. चालता चालता आतून थांबा.

दिवसभर तुम्ही चांगल्या उजेडात फिरलात. बाजारात सूर्य होता, दुकानात छतभर पांढऱ्या नळ्या होत्या. वजन दिसलं, किंमत दिसली, पट्ट्यावरची दांडी दिसली. आणि आता, या एवढ्याशा उजेडात, पहिल्यांदा कुणाचा तरी चेहरा दिसतो आहे.

श्वास आत. एक चेहरा.

श्वास बाहेर. अजून एक.

*

मोकळ्या मैदानात शेकोटी पेटली आहे. स्वयंसेवक अग्निशामक दलाचे लोक बाजूला उभे आहेत. मुलं गोल धरतात. घोडा थांबतो.

मैदानात एक जण फाटक्या कपड्यांत बसला आहे. मुलांना माहीत आहे, पुढे काय होणार. तरी ती गप्प होतात.

तुम्हीही गप्प व्हा.

गोष्ट छोटी आहे. मार्टिन रोमन सैन्यात शिपाई. कडाक्याची थंडी. आमियाँ गावाची वेस. वेशीत एक माणूस, अंगावर काही नाही. लोक येतात, जातात. मार्टिनजवळ द्यायला काही उरलेलं नाही, पांघरूण तेवढं आहे. तो तलवार काढतो आणि पांघरूण मधोमध कापतो. अर्धं त्याला देतो, अर्धं स्वतः घेतो.

सल्पिशियस सेव्हेरस यानं मार्टिन हयात असतानाच त्याचं चरित्र लिहिलं. ही गोष्ट त्यात आहे. घोडा त्यात नाही. घोडा मागाहून आला, चित्रांतून.

म्हणून क्षणभर घोडा बाजूला काढा. स्वाराला खाली उतरवा.

आता दोघं जमिनीवर आहेत. एकाच उंचीवर. डोळ्यांसमोर डोळे.

या गोष्टीत तीन जागा आहेत. तिन्ही जागी जाऊन उभे राहा. घाई नाही.

पहिली जागा येणाऱ्याजाणाऱ्यांची. त्यांच्या हातांत सामान आहे. त्यांना घरी पोचायचं आहे. अर्ध्या पांघरुणातला शिपाई पाहून काही जण हसलेही, असं तो चरित्रकार सांगतो. त्यांच्यात उभे राहा. त्यांना नावं ठेवू नका. दिवसभर तुम्ही याच जागी होतात. मीही असतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

दुसरी जागा वेशीतल्या माणसाची. बसा तिथे. दगडाचा गारवा खालून वर येतो. पावलं समोरून जातात. आणि मग एक जोडी थांबते. पांघरूण अजून आलेलं नाही. तलवार अजून म्यानात आहे. फक्त पावलं थांबली आहेत.

त्या थांबण्यापाशी राहा. अंगात काही हलतं का, ते पाहा.

तिसरी जागा मार्टिनची. तोही इथला नव्हे. जन्म आजच्या हंगेरीतला, बालपण इटलीत पावियाला, नोकरी गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये. दूरच्या मुलखात, दुसऱ्यांच्या गावच्या वेशीत तो उभा आहे. गाव त्याचं नाही. भिकाऱ्याचं तरी आहे की नाही, कुणास ठाऊक. त्याला थंडी तेवढी ओळखीची आहे.

अर्धं पांघरूण अंगावर घेऊन उभे राहा. एक खांदा उबेत आहे. एक उघडा आहे.

दोन्ही खांदे जाणवू द्या. उबेतला. उघडा. दोन्ही तुमचेच.

श्वास आत.

श्वास बाहेर.

मैदानात कापडाच्या दोन तुकड्यांना जोडणारी चिकटपट्टी करकरत सुटते. मुलं हसतात. वाद्यं पुन्हा सुरू होतात. ठिणग्या वर जातात.

कुणीतरी वेकमान वाटतंय. एक तुमच्याही हातात येतो. देणारा तुमच्याकडे पाहतो. तुम्ही त्याच्याकडे पाहता. त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत दोन शेकोट्या आहेत.

तो शेकोटीकडे बोट दाखवून काही म्हणतो. तुम्हाला अर्धं कळतं. तुम्ही मान हलवता. त्याला पुरतं.

*

आता घरी.

दिवा लावा. हात चोळा. बोटांत रक्त परत येताना मुंग्या येतात. येऊ द्या.

बटाटे धुवा. फोडी करा. तेल तापेपर्यंत थांबा. मोहरी तडतडते. हळदीचा वास कोटाला लागलेल्या धुराच्या वासात मिसळतो. मिसळू द्या. वेगळं काढायला जाऊ नका.

मिरवणूक संपली, तरी मुलांची संध्याकाळ संपलेली नसते. ती कंदील घेऊन दारोदार जातात, गातात, खाऊ मागतात.

इथल्या इमारतीत घरांना बहुधा क्रमांक नसतो. खाली घंटांची ओळ असते, आणि घंटेशेजारी आडनाव. तुमचंही आहे. राहायला आलात त्या दिवसापासून आहे.

घंटा वाजते.

गॅस बारीक करा. दार उघडा.

चार-पाच कंदील. मागे चार-पाच चेहरे. मुलं गाऊ लागतात, भराभर, शेवटच्या ओळीला श्वास न पुरता. पुढची दोन घरं त्यांना आधीच दिसत असतात.

तरी तुम्ही घाई करू नका. एकेकाच्या तोंडाकडे पाहा. मग चॉकलेटांचं वाडगं पुढे करा.

सर्वांत मोठा मुलगा दारावरची पाटी वाचतो. तुमचं आडनाव म्हणून पाहतो. चुकतं. तुम्ही सांगता. तो पुन्हा म्हणतो. त्याची बहीण म्हणते. मग सगळेच म्हणून पाहतात, आणि जिना तुमच्या आडनावाच्या पाच तऱ्हांनी दणाणून जातो.

हसा. आणखी एकदा सावकाश सांगा.

वाडगं दाराशीच असू द्या. वरच्या मजल्यावरची मुलं अजून यायची आहेत, आणि चॉकलेटं कमी पडली तर संत्री आहेत.